‘उचललं’ आणि ‘अटक केली’: कोठडीच्या दारातलं घड्याळ आणि कागद

रात्री साडेअकराला फोन वाजतो. पलीकडे एक बाई, आवाज कापरा. “वकीलसाहेब, आमच्या धाकट्याला पोलिसांनी उचललंय.” कुठल्या ठाण्याला नेलंय? “नीट कळलं नाही.” कशासाठी नेलं? “बोललेच नाहीत काही.” किती वाजता नेलं? “जेवायला बसला होता, तेव्हा.” काही कागद दिला का? “कसला कागद?”

तालुक्याच्या कोर्टात फौजदारी काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हे बोलणं त्याला पाठ असतं. माणसं बदलतात, गाव बदलतं, शेवटचा प्रश्न मात्र तोच राहतो. या लेखात मला त्या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं आहे. आरोपीचे हक्क म्हटलं की मोठमोठे शब्द डोळ्यांसमोर येतात, पण पोलीस ठाण्याच्या दारात ते दोन साध्या गोष्टींवर उभे असतात: किती वाजता नेलं, आणि काय लिहून दिलं. घड्याळ आणि कागद. हे दोन धरून ठेवले तर पुढचं बरंच काही वाचवता येतं.

आधी शब्दाचं बघू. ‘उचललं’ हा शब्द कुठल्याच कायद्यात नाही. ‘चौकशीसाठी ताब्यात घेतलं’ हे वर्तमानपत्रात रोज छापून येतं, पण तशी वेगळी अवस्थाही कायद्यात नाही. पोलीस तुम्हाला नोटीस देऊन बोलावू शकतात, तेव्हा तुम्ही आपल्या पायांनी जाता आणि काम झालं की घरी येता. किंवा पोलीस तुम्हाला अटक करतात. अधेमधे काही नाही. ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलंय, मोबाइल काढून घेतलाय, ‘साहेब आल्याशिवाय जायचं नाही’ असं सांगितलंय, तर नाव काहीही द्या, ती अटकच झाली. कस्टम्सच्या एका जुन्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलेलं आहे. माणसाच्या हिंडण्याफिरण्यावर बंधन आलं त्या क्षणी अटक सुरू होते, अधिकाऱ्याने रजिस्टरमध्ये वेळ लिहिली त्या क्षणी नव्हे. म्हणून फोनवर मी पहिल्यांदा विचारतो ते ‘किती वाजता’. रात्री नऊला जेवणाच्या ताटावरून नेलेल्या मुलाची अटक दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दाखवली, तर मधले एकोणीस तास हिशेबातून गायब होतात. घरच्या माणसाने कॅलेंडरवर नुसती वेळ टिपून ठेवली, शेजाऱ्याच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवलं, तरी ते तास परत मिळवता येतात.

हे तास एवढे मोलाचे का? राज्यघटनेचं कलम २२ सांगतं की अटक झालेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर केलंच पाहिजे. त्यातून फक्त प्रवासाला लागलेला वेळ वजा होतो. रविवार असो, दिवाळी असो, सुट्टीचं कोर्ट असतं. ‘आज कोर्ट बंद आहे, सोमवारी हजर करू’ हे कारण चालत नाही.

ही तरतूद घटनेत आली कशी, ते मराठी वाचकाला माहीत असावं असं मला वाटतं. घटना समितीत आजच्या कलम २१ वर चर्चा झाली तेव्हा कायद्याने ठरवलेली कोणतीही प्रक्रिया पुरेशी, असा शब्दप्रयोग मंजूर झाला. अनेक सदस्य त्यावर अस्वस्थ होते. उद्या संसदेने कसलीही प्रक्रिया ठरवली तर? १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. आंबेडकरांनी एक नवं कलम मांडलं आणि आधीच्या निर्णयाची भरपाई म्हणून ते आणत असल्याचं मोकळेपणाने सांगितलं. अटकेचं कारण कळण्याचा, वकील गाठण्याचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे जाण्याचा हक्क त्या कलमाने घटनेतच लिहून ठेवला. फौजदारी संहितेत या गोष्टी होत्याच, पण संहिता साध्या बहुमताने बदलता येते. झालंही तसंच. १८९८ची संहिता गेली, १९७३ची आली, तीही गेली. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलमांचे आकडे सगळे बदलले, पण चोवीस तास जागेवर आहेत. (कोर्टाच्या आवारात अजून सगळे ‘४१-अ ची नोटीस’, ‘१६७चा जामीन’ असंच बोलतात. जुने आकडे जिभेवरून जायला वेळ लागेल.)

आता कागद. खरं तर तो एक नसतो, अनेक असतात, पण सगळ्यांत वजनदार कागद म्हणजे अटकेची कारणं. ‘चोरीच्या गुन्ह्यात कलम ३०३ खाली अटक’ एवढं लिहिलं म्हणजे कारण सांगितलं असं होत नाही. ‘पुरावा नष्ट होऊ नये म्हणून अटक आवश्यक’ हे तर कुणालाही लागू पडणारं वाक्य आहे. कारण म्हणजे तुमच्याबद्दलची ठोस गोष्ट: अमुक तारखेला, अमुक दुकानातून, अमुक माल गेला आणि तुम्ही तो विकताना दिसलात. ते कळलं तरच वकील दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहून ‘त्या तारखेला हा मुलगा गावातच नव्हता’ असं म्हणू शकतो. नाहीतर तो हवेत तलवार फिरवतो.

हे लेखी द्यायचं की तोंडी सांगून भागतं, यावर बरीच वर्षं वाद होता. २०२३ आणि २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणं) आणि यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणांत लेखी कारणांचा आग्रह धरला. मग नोव्हेंबर २०२५मध्ये, वरळीतल्या एका गाजलेल्या अपघाताच्या प्रकरणातून गेलेल्या अपिलात, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने तो नियम सगळ्याच गुन्ह्यांना लागू केला. कारणं लेखी द्यायची आणि आरोपीला कळेल त्या भाषेत द्यायची. जागेवर लगेच लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगावं, पण रिमांडसाठी, म्हणजे कोठडीच्या आदेशासाठी, कोर्टात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी कागद हातात पडलाच पाहिजे. नाही दिला तर अटक आणि त्यानंतरची कोठडी बेकायदा ठरते. नंदुरबारच्या भिलाला इंग्रजी कागद देऊन किंवा बिहारहून आलेल्या मजुराला मराठीत लिहून देऊन सही घेतली, तर तो कागद दिल्यासारखा होत नाही. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांत सामान्य आरोपीच्या हाती आलेलं हे सगळ्यांत उपयोगी साधन आहे. ते वापरलं जात नाही, कारण घरच्यांना ते मागायचं माहीत नसतं.

दुसरा कागद अटकेच्या पंचनाम्याचा. त्यावर तारीख आणि वेळ लागते, घरातल्या कुणाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि अटक झालेल्याचीही लागते. सही करण्याआधी वेळ वाचा. चुकीची असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ‘मला आदल्या रात्री नऊला आणलं’ एवढं लिहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. अटकेची बातमी घरच्यांना किंवा तुम्ही सांगाल त्या माणसाला कळवणं आणि तशी नोंद ठाण्याच्या दप्तरात करणं हे पोलिसांचं काम आहे. तिसरा कागद वैद्यकीय तपासणीचा. अटकेनंतर लगेच सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा त्याने सुचवलेल्या माणसाला मिळायला हवी. ग्रामीण रुग्णालयात रात्री दोन वाजता, मागे हवालदार उभा असताना, डॉक्टरला ‘पाठीत मारलंय’ म्हणून सांगणं सोपं नसतं. तरी सांगावं. अंगावरचा वळ चार दिवसांत जातो, कागदावरचा राहतो.

यातले बरेचसे नियम एका पत्रातून आले आहेत. ऑगस्ट १९८६मध्ये पश्चिम बंगालच्या विधी सहाय्य संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्याचीच याचिका झाली आणि १८ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकरा सूचना दिल्या. अधिकाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला निरोप, चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याची मुभा. पुढे हे संहितेतच आलं. वकिलाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, पण पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवून घेण्याचा हक्क कायदा देत नाही.

इथे थोडं मागे जाऊ. अटक करायलाच हवी होती का? फिर्यादीत नाव आलं म्हणजे अटक होणारच, हा गावोगावचा समज आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात (आणि भांडणं, फसवणूक, नवरा-बायकोच्या वादातले गुन्हे असे बहुतेक गुन्हे यातच येतात) पोलिसांनी आधी स्वतःला विचारायचं असतं: हा पळून जाईल का, साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा मोडेल का, पुन्हा गुन्हा करेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर अटक न करता हजर राहण्याची नोटीस द्यायची. उत्तर ‘हो’ असेल तर कारण लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार यांच्या प्रकरणात हे बजावलं आणि न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई व अवमानाची कारवाई होईल असंही सांगितलं. नव्या संहितेने आणखी एक भर घातली: गुन्हा तीन वर्षांहून कमी शिक्षेचा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजाराने खचलेला असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक नाही. नोटीस आली तर मात्र जायचं. ‘गेलो तर बसवून घेतील’ या भीतीने लोक नोटीस टाळतात आणि अटकेचं कारण स्वतःच पोलिसांच्या हातात देतात.

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करू नये, हा नियम बऱ्याच जणांना माहीत आहे. तो आला तो आपल्या नागपुरातून. १९९०च्या दशकात तिथल्या एका कोठडीमृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तसे निर्देश दिले. सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये ते थोडे सैल केले, मग संसदेने ते कायद्यात घेतले. आज अपवादात्मक परिस्थितीत स्त्रीला रात्री अटक करता येते, पण महिला अधिकाऱ्याने आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घेऊनच. ‘जबाब घ्यायचाय, ठाण्यात या’ असं बाईला साक्षीदार म्हणूनही बोलावता येत नाही, तिचा जबाब ती राहते तिथे जाऊन घ्यायचा असतो. साठीच्या पुढच्या माणसांनाही तेच लागू आहे. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. ती तिथे आरोपी म्हणून गेली नव्हती, घरच्यांनी दिलेल्या तक्रारीतून तिला रात्री बोलावून घेतलं होतं. असे नियम कुणाच्या लाडासाठी केलेले नाहीत, एवढंच त्यावरून लक्षात घ्यावं.

आता ठाण्याच्या आत. काय बोलायचं आणि काय नाही? घटनेचं कलम २०(३) म्हणतं की आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. हे कोर्टातल्या पिंजऱ्यापुरतं नाही, पोलिसांच्या चौकशीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात सांगितलं. नाव-पत्ता सांगावा. अडचणीत आणणाऱ्या प्रश्नावर ‘याचं उत्तर मला द्यायचं नाही’ असं शांतपणे म्हणता येतं. या हक्काला मर्यादाही आहेत. बोटांचे ठसे, हस्ताक्षराचा नमुना याला नकार देता येत नाही. तेव्हाच्या मुंबई राज्याच्या काथी कालू ओघड खटल्यात अकरा न्यायमूर्तींनी १९६१मध्ये तो प्रश्न निकालात काढला. नार्को (औषधाच्या गुंगीत चौकशी), पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूची तपासणी) मात्र संमतीशिवाय करता येत नाही, हे २०१०मध्ये ठरलं. त्याच्या दोनच वर्षं आधी पुण्यातल्या एका खुनाच्या खटल्यात मेंदूच्या तपासणीचा अहवाल शिक्षेच्या आधारांमध्ये धरला गेला होता, म्हणजे हा धोका कल्पनेतला नव्हता.

‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ ही बातमी तुम्ही शेकडो वेळा वाचली असेल. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला कोर्टात पुरावा म्हणून किंमत नाही. साक्ष अधिनियमाच्या काळातही नव्हती, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ खालीही नाही. खिडकी एकच. आरोपीने सांगितलं आणि त्यावरून खरोखर एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं विधान वाचता येतं. ‘कोयता विहिरीत टाकलाय’ म्हणाला आणि विहिरीत कोयता सापडला, तर विहीर आणि कोयता कोर्टात येतात, ‘मी त्याने मारलं’ हे येत नाही. याला आपल्याकडे निवेदन पंचनामा म्हणतात आणि निम्म्या खटल्यांची भिंत याच पंचांवर उभी असते. कबुली चालते ती न्यायदंडाधिकाऱ्यापुढे, आणि तिथेही तो आधी बजावतो की तुझ्यावर सक्ती नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. आणखी एक: तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही लागत नाही. कायदाच सांगतो की ती घेऊ नये.

चौकशीची वेळही महत्त्वाची असते. २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका ज्येष्ठ नागरिकाचं प्रकरण आलं. ईडीने (केंद्राच्या सक्तवसुली संचालनालयाने) त्यांचा जबाब पहाटे तीनपर्यंत नोंदवला होता. त्यांची अटक बेकायदा ठरली नाही, पण झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, जबाब माणसाच्या वेळेला घ्यावेत, असं न्यायालयाने सुनावलं.

दुसरा दिवस. दुपारी तीनच्या सुमाराला तपासी अंमलदार आरोपीला घेऊन कोर्टात येतो. न्यायाधीश मान वर करून विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” आरोपी बहुतेक वेळा मान हलवतो, नाही. सगळं मिळून अर्धं मिनिट. आणि तरीही, त्या अर्ध्या मिनिटामागे केवढा इतिहास आहे! मे १९८२मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा स्त्री कैद्यांशी बोलून घेतलं. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयाने मुंबईच्या निर्मला निकेतन या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगांत जाऊन पाहायला सांगितलं, आणि १९८३मध्ये आदेश दिले: स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, त्यावर महिला शिपाई, अटक झाली की विधी सहाय्य समितीला खबर. आणि आरोपी समोर आला की दंडाधिकाऱ्याने त्याला छळाची तक्रार आहे का, हे विचारायचं. तो प्रश्न म्हणजे हाच. तेव्हा मारहाण झाली असेल तर ती सांगायची जागा हीच आहे, तीच पहिली आणि बऱ्याचदा शेवटची. न्यायाधीशांनी तक्रार लिहून घेतली की पुन्हा वैद्यकीय तपासणीचा आदेश होतो. अशिलाने मान हलवण्याआधी त्याच्याशी दोन मिनिटं बोलायला मिळावं म्हणून मी दरवेळी कोर्टाची परवानगी मागतो. न्यायाधीश सहसा देतात.

मग युक्तिवाद होतो आणि ‘पीसीआर’ की ‘एमसीआर’ ते ठरतं. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, आरोपी ठाण्याच्या लॉकअपमध्ये, तपास अधिकाऱ्याच्या हाताशी. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आरोपी तुरुंगात आणि पोलिसांच्या हाताबाहेर. एमसीआर झाली की नातेवाईक रडतात, ‘जेलात टाकलं’ म्हणून. वकील मात्र सुटकेचा श्वास टाकतो, कारण मारहाणीचा धोका टळतो आणि जामिनाचा अर्ज करायची वाट मोकळी होते. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. जुन्या संहितेखाली हे पंधरा दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच वापरावे लागत. नव्या संहितेत ते तुकड्यातुकड्याने, पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत कधीही मागता येतात. हा बदल मला काळजीचा वाटतो. तुरुंगात जाऊन महिना झालेल्या माणसाला पुन्हा ठाण्यात न्यायची मुभा यातून मिळते, आणि ती टांगती तलवार असेपर्यंत जामीन द्यायला कोर्ट कचरतं.

यानंतर दुसरं घड्याळ सुरू होतं. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त कैद, जन्मठेप किंवा फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नव्वद दिवस, बाकीच्यांत साठ. एवढ्या दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात आलं नाही तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. गुन्हा किती गंभीर, पुरावा किती भक्कम, हे कोर्ट तेव्हा बघतच नाही. दिवस मोजताना पहिल्या रिमांडचा दिवस धरायचा. पण हा हक्क आपोआप पदरात पडत नाही. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज द्यावा लागतो. सकाळी अकराला अर्ज दिला आणि दुपारी पोलिसांनी दोषारोपपत्र आणलं तरी हक्क जात नाही, हे २००१मध्ये उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने पक्कं केलं. उलट झालं तर मात्र गेला. करोनाच्या टाळेबंदीतही ही मुदत वाढत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं. मी एकसष्टावा आणि एक्याण्णवावा दिवस डायरीत लाल शाईने लिहून ठेवतो. आरोपीच्या घरच्यांनीही लिहून ठेवावा.

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं नाही. जामीनदार लागतो, त्याचा सातबारा लागतो किंवा पगाराचं पत्र लागतं, ऐपतीचा दाखला लागतो. ऊसतोडीला आलेल्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या माणसाला अनोळखी तालुक्यात सातबारावाला जामीनदार कुठून मिळणार? १९७८मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची हीच गत झाली. दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ उभा राहिला तर ‘याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे’ म्हणून त्याला नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. तरी पंचेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०२३मध्ये, त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका. जामीन होऊन सात दिवसांत माणूस बाहेर पडला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना उलटला तर कोर्टाने अटी सैल करण्याचा विचार करायचा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस गरीब आहे असं कायदाच धरून चालतो आणि नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला सांगतो. शिवाय, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले अंगावर असलेले लोक सोडून, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्चा कैदी म्हणून काढला, तर त्याला सोडण्यासाठी तुरुंग अधीक्षकाने स्वतः कोर्टात अर्ज करायचा असतो.

खटल्याच्या टप्प्यावरचे हक्क तुलनेने सरळ आहेत. दोषारोपपत्राची प्रत फुकट मिळते, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येते, आपले साक्षीदार देता येतात, आणि आरोपी गप्प बसला म्हणून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येत नाही. गुन्हा शाबित करण्याचं ओझं सरकार पक्षावर. या चौकटीला काही कायदे बाजूला सारतात, तेही सांगायला हवं. मकोका या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या, १९९९च्या आपल्या राज्याच्या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते आणि दोषारोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. एमपीडीएसारख्या राज्याच्या कायद्याखालच्या प्रतिबंधक स्थानबद्धतेला (पुढे गुन्हा करू नये म्हणून आधीच डांबून ठेवण्याला) तर चोवीस तासांचा नियमच लागू नाही, घटनेनेच तशी सूट ठेवली आहे.

आता लोक मला हटकून विचारतात तो प्रश्न. “कसाबलासुद्धा वकील द्यायचा?” हो, त्यालाही. त्याला वकील मिळाला, साक्षीदारांची उलटतपासणी झाली, आणि सर्वोच्च न्यायालयात ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन न्यायालयाच्या नेमणुकीने त्याच्या बाजूने उभे राहिले. त्याच खटल्यात पुराव्याअभावी दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले आणि तो निकाल वरपर्यंत टिकला. २९ ऑगस्ट २०१२च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयाने एक नियमही घालून दिला: आरोपी पहिल्यांदा समोर आला की दंडाधिकाऱ्याने त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगायचा, पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील द्यायचा, आणि यात हयगय झाली तर त्या दंडाधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई. आज तालुक्याला मोबाइल चोरीत सापडलेल्या पोराला पहिल्याच दिवशी फुकट वकील मिळतो, त्यामागे कसाबच्या खटल्यातला हा आदेश आहे.

दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, उलट टाळ्या वाजवतात. गुंडाची ‘धिंड’. दोरी बांधून, कान पकडायला लावून, ज्या चौकात दहशत केली त्याच चौकातून फिरवतात आणि त्याचे व्हिडिओ लाखो लोक बघतात. त्या गुंडाने ज्याला लुटलं त्याचा राग मला समजतो. पण कोठडीतल्या माणसाची धिंड काढायचा अधिकार कुठल्याच कायद्याने दिलेला नाही. सोलापुरात एका कच्च्या कैद्याला बेड्या घालून, दंडांना दोर बांधून रस्त्यातून फिरवलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला दहा हजार रुपये भरपाई दिली. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम ठेवली, फक्त ती अधिकाऱ्याच्या खिशातून न देता राज्याने द्यावी असं म्हटलं. नव्या संहितेत खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी, सराईत आरोपी अशा ठरावीक बाबतींत बेड्या घालायला परवानगी आहे. मिरवणुकीला नाही. ज्याची धिंड निघाली तो पुढे निर्दोष सुटला, तर तो व्हिडिओ कुणीच परत घेऊ शकत नाही.

त्या रात्री फोन केलेल्या बाईंना मी चार गोष्टी सांगितल्या. मुलाला नेलं ती वेळ आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा. जवळच्या ठाण्यात दोघं मिळून जा आणि ठाणे अंमलदाराला विचारा. अटक झाली असेल तर कारणांचा कागद मागा, प्रत्येक ठाण्याला अटकेतल्या माणसांची नावं फलकावर लावावी लागतात, तो फलक बघा. अटक झाली नसेल तर मुलाला घरी का पाठवत नाही, हे विचारा. आवाज चढवू नका, हलूही नका. “वकिलाचे पैसे आत्ता नाहीत,” त्या म्हणाल्या. कोठडीत असलेल्या कुणालाही, त्याचं उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती बसते, आणि देशभरासाठी फोन नंबर आहे १५१००. तो त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून घेतला आणि चप्पल घालून ठाण्याकडे निघाल्या.